मी वीजघर पसंत केलं

आता काय सांगू तुम्हाला आणि काय झाकू! असा गोंधळ घातलाय मी, की आठवलं की अजून पदराआड तोंड लपवावंसं वाटतं. घ्या, चहा घ्या आधी. तोंडात घोट असताना मात्र ऐकू नका, ठसका लागेल.

तर आमची मुक्ता. माझ्या थोरल्याची मुलगी. मोठमोठ्या कंपन्यांचे हिशेब तपासते. एक दिवस घरी आली ती उड्या मारतच. म्हणे, "आजी, एक वीजघर विकाऊ आहे! पाण्यावर चालणारं. मी आणि माझे मित्र मिळून घेणार आहोत. तू पण पैसे घाल."

मी उडालेच! वीजघर काय, भाजी आहे का विकत घ्यायला?

"अगं, नवीन बांधायचं नाहीये," ती म्हणाली. "बरीच वर्षं चालू आहे. इथून दोन-अडीच तासांवर, धरणाच्या खाली, कालव्यावर. पाणी पडतं, चाक फिरतं, वीज तयार. ती विकत घ्यायचा करार झालेला आहे, अजून बरीच वर्षं चालेल. मी सगळे कागद बघतेय. कालव्याला किती महिने पाणी असतं, मशीनं किती झिजलीत, सगळं."

आता माझे पैसे म्हणजे काय? यजमानांनी माझ्या नावावर ठेवलेलं शेत रस्त्यात गेलं, त्याचे. तेवढंच माझं म्हातारपण. त्याला लागतो माझा अंगठा. बुडाले तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू? आणि नाही म्हणावं तर पोरीचं तोंड एवढंसं होतं.

मी म्हटलं, "कागदावर काय गं? पत्रिकेत तर छत्तीस गुण जुळतात. वस्तू डोळ्यांनी बघायला नको?"

"बघायचीय ना! पुढच्या आठवड्यात वीजघराचे मालक, शेठजी, स्वतः दाखवणार आहेत."

स्वतः दाखवणार! झालं ना मग वाटोळं? तुम्हीच सांगा, दाखवायच्या दिवशी कुठली मुलगी वाईट दिसते? मान खाली, हातात पोह्यांची बशी, आवाजात मध. म्हणून तर आमच्यात बायका त्याआधी एकदा गुपचूप जाऊन येतात. कोणाचा तरी पत्ता विचारायच्या निमित्ताने दारात उभं राहायचं. मुलगी आईवर खेकसते का, ओटा कसा ठेवते, बघून घ्यायचं. माझ्या दोन्ही सुना मी अशाच पारखल्यात, आणि दोन्ही बढिया निघाल्या. मग वीजघराला वेगळा कायदा का?

धाकट्या जावेला, इंदूला, बरोबर घेतलं. घरी सांगितलं, देवदर्शनाला जातो. पडावच्या स्टँडवरून गाडी केली आणि निघालो.

धरणाखाली चहाची टपरी होती. मी विचारलं, "भैया, वो पानी का घर, मशीनवाला, कौन सा है?"

त्याने किटलीवरून नजरही न उचलता हात केला, "वो रहा, अम्मा. नीला वाला."

आणि काय सांगू! काय ते रूप! निळीशार इमारत, वासरू आरामात चालत जाईल एवढाले पाइप, आणि आवाज? माझी कवळी आपोआप वाजायला लागली! दारावर भली मोठी पाटी होती. माझी आणि अक्षरांची कधी ओळखच झाली नाही. इंदूला वाचता येतं, पण तिचा चष्मा दौलतगंजात घरी, देवघरापुढे.

"जाऊबाई, तारा बघा केवढ्या जाड," इंदू म्हणाली. "चांगल्या खात्यापित्या घरची दिसते!"

आतला माणूसही किती अदबीचा. बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी मुद्द्यावर आले, "बारह महीने चलती है?"

"बारह महीने? अम्मा, दिन-रात चलती है! एक दिन बंद हो जाए तो शहर में हाहाकार मच जाए!"

दिन-रात! अजून काय पाहिजे? मी तिथेच ठरवलं, हीच.

घरी येऊन मुक्ताला म्हटलं, "पसंत आहे. अंगठा कुठे लावायचा?"

"अगं, अजून पाहिलं कुठेयस तू?"

"स्वप्नात दिसलं."

तिने ते हसण्यावारी नेलं. पण दाखवायचा दिवस उरलाच होता, म्हणून गेलो. मी, मुक्ता आणि इंदू. शेठजींची गाडी पुढे, आमची मागे. निळी इमारत आली. मी पदर नीट केला. आणि गाडी थांबेचना! तशीच पुढे! मी इंदूला कोपर मारलं, इंदूने मला मारलं. गाडी जाऊन थांबली एका बुटक्या, पिवळ्या घरासमोर. भिंतीवर पाल. आवाज नाही, काही नाही. आत दोन मशीनं, ताज्या हिरव्या रंगात, गाढ झोपलेली.

"बंद?" मी विचारलं.

शेठजी हसून म्हणाले, "माताजी, अभी नहर बंद है. सर्दियों में सिंचाई का पानी छूटेगा, तब चलेगी."

मुक्ताने मान हलवली. तिला ते कागदांवरून माहीत होतं. पण मला? माझ्या तर काळजाचं पाणी झालं! दिन-रात चालणारी माझी निळी कुठे, आणि ही पिवळी कुठे! त्या शेठजींनी मला आधी काहीएक दाखवलं नव्हतं, हे त्या वेळी सुचणार कोणाला? मी पदर खोचला.

"शेठजी! लड़की एक, और मंडप में बिठा रहे हो दूसरी? ऊपर से रंग पोतकर? बुढ़िया को क्या समझ रखा है?"

म्हटलं, आता हा माणूस भांडणार. तर त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा! हात जोडून म्हणतो कसा, "माताजी, आपको किसने बता दिया? चक्का एक ही मशीन का बदला है. दूसरी का पुराना ही है, रेत से घिसा हुआ. सिर्फ़ पेंट करवाया है. मैं बताने ही वाला था..."

घ्या! मी कुठल्या मुलीबद्दल बोलतेय आणि हा कुठल्या!

मुक्ता माझ्याकडे वळली. तिच्या कागदांत दोन्ही चाकं नवी होती. "आजी! तुला कसं कळलं?"

बघा, इथे देवाने मला गप्प बसायची संधी दिली होती. नुसतं गालात हसले असते तरी जन्मभर मिरवलं असतं. पण माझी जीभ!

"कसं म्हणजे? मी स्वतः येऊन बघून गेलेय! मला ती निळी पाहिजे. ती दाखवा!" आणि तरातरा बाहेर येऊन बोट दाखवलं. सगळे मागोमाग बाहेर.

तेवढ्यात निळ्या घरातला तो अदबीचा माणूस लांबूनच धावत आला. "अरे अम्मा! आप फिर आईं! आपका नारियल हम सबने बाँटकर खाया. और वो हरा कपड़ा अब भी मोटर पर बँधा है!"

हां... ते सांगायचं राहिलंच. अहो, पसंत पडलेल्या मुलीला रिकाम्या हाताने सोडून यायचं का? पाटणकर बाजारातून हिरवा खण नेला होता, पसंत पडली तर म्हणून. नारळ, तांदूळ, हळदकुंकू. भरली मी ओटी.

मुक्ताने त्याला हळूच विचारलं, "भैया, ये क्या है?"

"पंप हाउस है, मैडम. शहर के पीने का पानी चढ़ाता है."

"बिजली बनाता है?"

"बनाता?" तो हसायलाच लागला. "अरे खाता है! इस पूरे इलाके में सबसे ज़्यादा बिजली यही खाता है!"

मी मटकन कालव्याच्या काठावर बसले. त्या जाड तारा ह्याला भरवायला होत्या! आता तारेवर कुठे लिहिलेलं असतं, वीज येतेय की जातेय? आणि त्या दिवशी मुक्ताने कागद पुढे केला असता ना, तर मी अंगठा काय, दहाही बोटं उमटवली असती! माझं शेत, माझं म्हातारपण...

मुक्ताने मात्र तिथेच शेठजींना धरलं. दुसऱ्या चाकाचा खर्च किमतीतून कमी करायचा, आणि कालवा सुटला की दोन्ही मशीनं चालवून दाखवायची. मगच आजीचा अंगठा. शेठजी सगळ्याला हो म्हणाले. बिचारे माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांना अजून वाटतं, माझे हेर आहेत गावोगाव.

परत यायला गाडीत बसलो. तशी मुक्ता म्हणाली, "आजी, तुझी पारख नाही चुकली. नातं चुकलं. ती सून नव्हतीच."

"मग काय होतं?"

"रात्रंदिवस खायचं, आवाज मोठा, एक दिवस रुसला तर गावभर हाहाकार, आणि वर सगळ्यांनी मान ठेवायचा. आजी, तो जावई होता!"

इंदू एवढी हसली की ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यावी लागली. हसा, तुम्ही पण हसा. अहो, जावयाची ओटी भरून आलेली सासू आमच्या अख्ख्या लष्कर भागात मी एकटीच!