राखायला दिलेली गुरं

“पेक्युलेशन! साहेब, हे पेक्युलेशन हाय!”

खंडेनवमीचा दिवस. चाकणच्या आमच्या कारखान्यात मशिनांना हार घालून झाले होते, नारळ फुटले होते आणि स्टोअर्सचे काका मॅनेजरच्या गाडीच्या उघड्या डिकीसमोर ओरडत होते. आवाज असा, की तिकडे ताथवड्यातल्या कॉलेजची पोरं घंटा झाली समजून घरी गेली असतील. खोटं वाटत असेल तर विचारा जाऊन.

डिकीत मिठाईचे डबे होते, दुसऱ्या शिफ्टच्या कंत्राटी पोरांच्या वाट्याचे. दर वर्षी ते ‘उरायचे’ आणि साहेबांच्या घरी जायचे. ठाऊक सगळ्यांना होतं, बोलत कुणी नव्हतं.

काका जवळच्याच गावचे. त्यांना बसलेलं पाहिल्याचं कुणी सांगत असेल, तर त्यानं दुसराच कुणी पाहिला. जेवायचेसुद्धा येरझाऱ्या घालत. एका हातात भाकरी, दुसऱ्यात भंगारात सापडलेली इंग्रजी डिक्शनरी. हा शब्दही त्यांनी धावत्या कंपनी बसमध्ये, सीटांच्या मधून फेऱ्या मारत सांगितला होता.

“लॅटिनात गुरांवरनं आलाय, राव. आधी गुरं हीच इस्टेट. राखायला दिल्यालं जनावर गपचिप आपल्या गोठ्यात बांधायचं, ते पेक्युलेशन.”

“सरळ चोरी म्हणा की, काका.”

“चोराच्या हवाली कुणी करत न्हाई, भावा.”

त्यांचा स्वतःचा गोठा केव्हाच गेला. तिथं आता कुणाचं तरी गोदाम आहे. रिटायर होऊन ते एक्स्टेन्शनवर होते आणि त्याच आठवड्यात पुढच्या एक्स्टेन्शनवर मॅनेजरची सही व्हायची होती. घरी बसवलं तर भिंती चाटीन, म्हणायचे.

डबे निमूट उतरले. दुसऱ्या शिफ्टनं चाटूनपुसून खाल्ले. मग काकांना केबिनमध्ये बोलावणं आलं: गैरसमज झाला एवढं म्हणा, लगेच सही करतो. आम्ही सगळे त्यांच्या हातापाया पडलो, की एक वाक्य टाका आणि सुटा. शर्टाचं वरचं बटण लावत, काढत, पुन्हा लावत ते आत गेले.

आता स्टोअर्समध्ये नवा माणूस आहे. तो बसूनच असतो. काकांच्या फेऱ्यांनी रॅकांमधल्या फरशीला अशी खोबण पडलीय, की ट्रॉली तिथं आपली आपण वळते.

त्या दिवशी ते केबिनमधून आले आणि जेवणाचा डबा पिशवीत भरू लागले. मी विचारलं, “म्हणालात ना, काका? गैरसमज झाला म्हणून?”

“न्हाई. अर्थ सांगितला.”