दूध तापेपर्यंत म्हटलेलं नाव

"आजी, तुमचं नाव काय?"

नगरच्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टीच्या टेबलावर मी आडवी पडलेली, आणि माझ्या नातवाच्या वयाचा डॉक्टर डोळ्यांत टॉर्च मारून हे विचारत होता. प्रश्न मला स्वच्छ कळला. नर्स म्हणून चाळीस वर्षं मी हाच प्रश्न दुसऱ्यांना विचारलाय. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि भलतंच नाव बाहेर पडलं; कुठलं, ते माझं मलाच कळलं नाही. त्यांनी परत विचारलं, परत तेच. मग हात वर करायला सांगितले. डावा गेला, उजवा मेला जागचा हलेना.

डॉक्टर माझ्या सुनेला, सविताला म्हणाले, "यांना स्ट्रोक आलाय. मेंदूच्या डाव्या बाजूला आहे, त्यामुळे बोलण्यावर परिणाम झालाय. अफेझिया म्हणतात याला."

स्ट्रोक म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. अफेझिया म्हणजे शब्द आत असतात, पण हवा तो हाताला लागत नाही. माणूस वेडा झालेला नसतो. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण बघायला आलेले लोक माझ्यासमोरच "काय समजत न्हाई आता त्यांना" असं म्हणत होते. मला सगळं समजत होतं हो! कोण काय म्हणालं ते अजून लक्षात आहे.

त्या सकाळी मी पारनेरला घरी गॅसवर दूध ठेवलं होतं. हातातली पकड खाली पडली. उचलायला वाकले तर परत पडली. ओठाचा कोपरा जड झाला. नर्स मी, पण सविताला काय सांगितलं? "ॲसिडिटी झालीय. जरा पडते." सविता बारावी शिकलेली, शेतात राबणारी बाई. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि शेजारच्यांची गाडी बोलावली. "आत्या, तुमचं तोंड वाकडं झालंया. गुमान बसा गाडीत," म्हणाली. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात, पण असा दम देत नाहीत. त्या दमावर मी आज जिवंत आहे.

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही ना, ते बघतात. आम्ही वेळेत पोचलो. तुमच्या घरात कुणाचं तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर ॲसिडिटीच्या गप्पा मारू नका. निघा.

आणि रक्तदाबाच्या गोळ्या. माझ्या संपून आठ दिवस झाले होते. चौकात औषधाचं दुकान आहे. रोज म्हणत होते, उद्या आणू. आयुष्यभर मी पेशंटांना गोळ्यांवरून फैलावर घेतलं. माझं "उद्या" किती जुनं आणि किती वाईट आहे, ते आता सांगते.

अकराव्या दिवशी घरी आले. उजवा हात थोडा हलायला लागला होता, शब्द सुटे सुटे यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी सविताने दूध तापत ठेवलं, मी शेजारी खुर्चीत बसले, आणि सवयीने मनात नाव म्हणायला गेले. नाव नव्हतं.

सगळीकडे शोधलं. नवऱ्याचं आठवलं, बापाचं आठवलं, पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकाचं, प्रकाशचं आठवलं. जे जवळजवळ पन्नास वर्षं रोज दूध तापेपर्यंत मनातल्या मनात म्हटलं, तेवढंच गेलं होतं. मी मोठ्याने रडायला लागले. सविताला वाटलं परत ॲटॅक आला.

तिला सांगायला मला चार दिवस लागले, एकेक शब्द ओढत. घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही मी कधी सांगितलं नव्हतं.

माझा थोरला भाऊ झांबिया देशात शाळेत गणित शिकवायला गेला होता. मी नर्सिंग पास झाल्यावर त्याच्याकडे गेले आणि तिथल्या एका मिशन हॉस्पिटलात लागले. नदीपलीकडे ऱ्होडेशिया होता. तिथे मूठभर गोऱ्यांचं राज्य होतं, आणि काळे लोक त्यांच्याविरुद्ध गनिमी युद्ध लढत होते. त्यांची जखमी पोरं रात्रीतून नदी ओलांडून आमच्याकडे आणायचे. कुणाचा पाय सुरुंगावर पडलेला, कुणाच्या पोटात गोळी.

त्यांच्यात एक सक्त नियम होता. खरं नाव सांगायचं नाही. प्रत्येकाचं लढाईचं एक नाव असायचं, केसपेपरवर तेवढंच लिहायचं. कारण पलीकडच्या सरकारला खरं नाव कळलं, तर गावातलं घर जाळायचे, आईबापाला उचलून न्यायचे.

कॉम्रेड थंडर नावाचा एक जण सुरुंगाने पाय गेलेला आला. माझ्याच वयाचा, तेवीस-चोवीसचा. जखमेत गॅस गँगरीन झालं होतं. त्यात जंतू मांसात वायू तयार करतात, आणि तेव्हा आमच्याकडे पुरेशी औषधं नव्हती. आम्ही मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायचो. मी त्याला सांगितलं, आमच्याकडेही मुलीचं नाव बदलतात. लग्नात ताटातल्या तांदळावर नवरा अंगठीने नवं नाव लिहितो, आणि आज मी गंगू आहे, उद्या कोण असेन माहीत नाही. तो एवढ्या दुखण्यात हसला. म्हणाला, "म्हणजे तुला पण युद्धावर पाठवतात." मी म्हटलं, "तसंच काहीतरी."

दोन दिवसांनी त्याला कळलं, आपण वाचत नाही. त्याने मला जवळ बोलावून खरं नाव सांगितलं. गाव सांगितलं. आणि म्हणाला, "लढाई संपली की माझ्या आईला कळव. तिचं नाव वेगळं शोधायला नको. आमच्याकडे आईला थोरल्या लेकाच्या नावानेच हाक मारतात." मी पेन काढलं तर हात धरला. "लिहू नको. पाठ कर." लहान पोराला पाढे म्हणायला लावतात तसं तीनदा म्हणवून घेतलं.

तेवढ्यात राउंडवर आलेल्या डॉक्टरांनी विचारलं, हा काय सांगतोय? घाबरून मी केसपेपरवर लिहिलं, 'पेशंट असंबद्ध बोलतो.' दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. हॉस्पिटलच्या मागे आंब्याचं झाड होतं, त्याच्याखाली त्याला पुरला. मी तिथे उभी होते.

ऐंशी साली लढाई संपली, त्या देशाचा झिंबाब्वे झाला. तोवर मी पारनेरची सून झाले होते. तांदळावर शैलजा उमटलं होतं, गंगू संपली होती. पत्र लिहायचं ठरवलं. मग वाटलं, सासरची माणसं विचारतील, कोण हा परका पुरुष? उद्या लिहू. मग प्रकाश झाला. मग सरकारी दवाखान्याची नोकरी लागली. दहा वर्षं झाल्यावर लाज वाटायला लागली, की आता कुठल्या तोंडाने लिहू, ती विचारेल इतके दिवस कुठे होतीस बाई? लाजेने आणखी दहा वर्षं गेली. पण नाव मी रोज म्हणायचे, आणि खरं सांगते, मला त्याचा अभिमान वाटायचा. पाठ आहे ना, म्हणजे आपण वचन मोडलेलं नाही! पाठ करणं म्हणजे पोचवणं नव्हे, हे मला गुठळी अडकल्यावर समजलं.

सविता ऐकून घेत होती. मधेच म्हणाली, "आत्या, दवाखान्यात तुमी कायतरी नाव घेत व्हता. डॉक्टरनी इचारलं तवा. मला वाटलं कुठल्या देवीचा धावा करताय."  म्हणजे तोंडातून पडलेलं ते भलतं नाव त्याचंच होतं! "काय म्हणत होते?" तिला आठवेना. मी हॉस्पिटलातून माझी फाईल मागवली. नर्सिंगच्या नोंदीचा कागद डाव्या हाताने शोधून काढला. पहिल्या दिवशीच्या रकान्यात एका सिस्टरने गोल अक्षरात लिहिलं होतं, 'पेशंट असंबद्ध बोलतात.'

मी त्या मुलीला मनातल्या मनात पारनेरी शिव्या घातल्या. पेशंट काय बोलतो ते जसंच्या तसं लिहावं, एवढं शिकवत नाहीत का आता? आणि मग कागद खाली ठेवला. ते वाक्य आधी मीच लिहिलं होतं.

माझी स्पीच थेरपी चालू होती. स्पीच थेरपी म्हणजे परत बोलायला शिकवणं. मॅडम चित्रांची कार्डं दाखवायच्या. किल्लीचं चित्र. मला किल्ली माहीत, कुलपात कशी फिरते ते माहीत, शब्द येत नाही. मग मॅडम पहिलं अक्षर द्यायच्या, "कि..." की लगेच "किल्ली!" निघायचं. पहिलं अक्षर मिळालं की बाकीचं आपोआप येतं. त्या दिवशी मी कार्डं बाजूला सारली आणि अडखळत विचारलं, "मॅडम, जे नाव जगात दुसऱ्या कुणालाच माहीत नाही, त्याचं पहिलं अक्षर मला कोण देणार?" त्या माझा हात चोळत बसल्या.

दुसऱ्या कुणालाच, हेही खोटंच. त्याच्या आईला माहीत होतं.

तीन आठवडे असे गेले. एका दुपारी सविता हिवरे बाजारला बहिणीकडे गेली होती, तिथून तिचा फोन. ओरडतच होती. "आत्या! व्हिडिओ! म्या व्हिडिओ काढल्ता! ह्यांना दाखवायला, की बघा आई कशी बोलतेय. माझ्या मोबाईलमदनं उडवला, पन त्यांच्याकडं आसंल!"

प्रकाशकडे होता. कुठल्या मुलाने आईचा असला व्हिडिओ ठेवावा? त्याने ठेवला होता. म्हणाला, पुसायला हात धजला नाही. त्याने परत पाठवला. वाकड्या तोंडाची, पदर सुटलेली म्हातारी टेबलावर पडलीय. डॉक्टर विचारतायत, "आजी, तुमचं नाव काय?" आणि ती स्पष्ट सांगतेय, "फुंगाई." मग त्याच्या आईचं नाव, "माई फुंगाई." मग गाव.

मेंदूतलं माझं स्वतःचं नाव बंद पडलं, तेव्हा रोज घोकलेलं तेवढं बाहेर आलं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. असेल.

या वेळी मी "उद्या" म्हटलं नाही. त्याच संध्याकाळी प्रकाशने त्या भागातल्या लोकांच्या एका ग्रुपवर सगळं इंग्रजीत लिहून टाकलं. पाच दिवसांनी एका बाईचा आवाजी मेसेज आला. ती फुंगाईच्या धाकट्या बहिणीची मुलगी. शाळेत शिकवते. इथे त्याचं नाव लिहायला तिचीच परवानगी आहे. गावाचं नको म्हणाली, म्हणून लिहीत नाही.

तिने सांगितलं, "आजी तीन वर्षांपूर्वी गेली. नव्वदीच्या वर होती. लढाई संपल्यावर जे परत आले त्या प्रत्येकाला तिने विचारलं, पण सगळे त्याला दुसऱ्या नावाने ओळखत होते, त्यामुळे कुणालाच सांगता आलं नाही. मेलेल्याचा आत्मा घरी परत आणायचा आमच्यात विधी असतो. तो तिने करू दिला नाही. म्हणायची, मेला असं कुणी सांगितलंय का मला?"

तीन वर्षं! पन्नासातली सत्तेचाळीस वर्षं ती होती. मी सकाळी दुधापाशी उभी राहून ते नाव मुक्याने म्हणत होते, आणि तिकडे आख्खा गाव तिला त्याच नावाने हाक मारत होता आणि ती ओ देत होती.

मी फोनवर, प्रकाशच्या मदतीने, त्याच्या भाचीला सगळं सांगितलं. आंब्याचं झाड, दुपारची वेळ, डोकं उगवतीकडे होतं. तो एकटा नव्हता, हात माझ्या हातात होता. ती खूप वेळ रडली, आणि शेवटी मलाच थँक यू म्हणाली. ते थँक यू मला घेता आलं नाही. अजून येत नाही.

ज्यांचे उपकार आहेत त्यांचे मानते. वेळेत इंजेक्शन देणारे ते डॉक्टर, हात चोळणाऱ्या मॅडम, पुसायला हात न धजलेला माझा लेक. सविताचे तर किती मानू. आणि नोंद लिहिणाऱ्या त्या सिस्टरवर माझा आता राग नाही. तुम्हाला एवढंच सांगते, गोळ्या वेळेवर घ्या, आणि कुणाचा निरोप तुमच्याकडे ठेवलेला असेल तर आज पोचवा. लाज वाटली तरी पोचवा.

आता ते लोक झांबियात जाऊन झाडाखालची माती आणणार आहेत आणि तो विधी करणार आहेत. भाचीने विचारलंय, त्या वेळी फोनवरून त्याचं नाव तुम्ही मोठ्याने घ्याल का? त्याच्या तोंडून ते शेवटचं ऐकणाऱ्या तुम्हीच.

म्हणून माझी तयारी चालू आहे. माझा 'फ' अजून ओठातून नीट फुटत नाही, फुसकन हवा जाते. सविताने कार्डांच्या गठ्ठ्यात स्वतःच्या अक्षरात एक कार्ड वाढवलंय. सकाळी दूध तापत ठेवते आणि माझ्यासमोर ते धरते. "म्हना आत्या. जोरात. तिकडं ऐकू गेलं पायजे."

मी म्हणते. रोज थोडं जास्त स्पष्ट येतं. मॅडम म्हणतात, त्या दिवसापर्यंत अगदी स्वच्छ येईल, सगळ्यांना ऐकू जाईल. जिला सांगायचं होतं, तेवढी सोडून.