टिल्लीला वाईट व्हायचं होतं

'उचलली जीभ, लावली टाळ्याला' ही म्हण ज्याने कुणी काढली, त्याने आधी या सलूनवाल्याकडे केस कापून घेतले असावेत. कात्री एका चालीने चालायची आणि जीभ तिच्या दुप्पट. दुकान एवढंसं. खुर्च्या दोन, समोर भिंतभर आरसा, कोपऱ्यात गरम टॉवेलांचा डबा, दाराशी एक लांब बाक. केस कापून झाले तरी गिऱ्हाइकं त्या बाकावरून हलायची नाहीत. का? तर हा आता काय बोलतोय ते ऐकायला. आणि ते आपल्यासाठी बसलेत हे कळलं की हा गडी आणखीनच सुटायचा.

रविवार म्हणजे तर मरणाची गर्दी. बायको इस्पितळात सिस्टर, तिची रविवारी हमखास ड्यूटी. मग पोरीला ठेवायचं कुठे? दुकानात. पोरगी सात वर्षांची, दुसरीत. अंगाने बारकुशी म्हणून सगळे तिला टिल्ली म्हणत. ती बाकाच्या टोकाला बसायची, आणि बाबाने नुसता हात मागे केला की डब्यातला गरम टॉवेल चिमट्याने उचलून त्या हातावर ठेवायची. हे काम तिचं. दुसऱ्या कुणी चिमट्याला हात लावलेला तिला खपायचा नाही.

या घरात देव नव्हता. सलूनवाल्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कुणी काही मानलेलंच नव्हतं, तो जन्माचा कोरा. बायको मात्र चर्चमध्ये वाढलेली, आणि वयात आल्यावर आपल्या पायाने तिथून बाहेर पडलेली. लग्नाआधीच दोघांचं ठरलं होतं की पोरांना कुठल्याच देवाच्या दारात न्यायचं नाही. मोठी होतील, शहाणी होतील, मग आपलं आपण ठरवतील. दुसरंही एक ठरलं होतं, आणि त्याचा दोघांना भारी अभिमान. पोरांशी खोटं बोलायचं नाही. 'झोप, नाहीतर बागुलबुवा येईल' असलं वाक्य त्या घराने कधी ऐकलं नाही. इंजेक्शन द्यायची वेळ आली तर आई सरळ सांगायची, "दुखणार आहे. पण थोडंच." टिल्ली शाळेत छाती काढून सांगायची, "माझे आईबाबा खोटं बोलतच नाहीत."

एका रविवारी चर्चमध्ये लहान मुलांचा वर्ग घेणाऱ्या बाई आपल्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन दुकानात आल्या. टिल्ली बाकावर पेंगत होती, शेजारी दोन बाप्ये कुणाच्या तरी घटस्फोटावर तोंडसुख घेत होते. बाई म्हणाल्या, "अहो, हिला सकाळची आमच्याकडे पाठवत जा की. गाणी म्हणतो आम्ही, चित्रं काढतो. समोरच तर आहे चर्च."

सलूनवाल्याला बरंच वाटलं. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं.

"नको," बायको म्हणाली.

"अगं, गाणी म्हणतात, चित्रं रंगवतात. आणि दुकानात बसून काय शिकते? काल मला विचारत होती, हरामखोर म्हणजे काय."

"मग मी ड्यूटी बदलून घेते."

"आणि नाईट करतेस? वेड लागलंय? बिनपैशाचं पाळणाघर चालून आलंय दारात, आणि बाईसाहेबांना तत्त्व आठवतंय!"

"तुला नाही कळायचं," ती म्हणाली. "तू बाहेरून बघतोस. तिथली माणसं वाईट नसतात रे, चांगलीच असतात. पण लहान वयात एखादी गोष्ट डोक्यात बसली ना..."

"बसली तर काय?"

 ती हातातलं पातेलं पुसत राहिली. खरं तर तेव्हाच दोन मिनिटं थांबून विचारायचं, की बाई गं, तुझ्या डोक्यात काय बसलं होतं? पण याला जिंकायची घाई. बोलून बोलून त्याने तिला थकवलं, आणि थकल्यावर ती हो म्हणाली.

"पण एक," ती म्हणाली. "तिकडून आली की ती विचारेल. जे विचारेल त्याचं नीट बसून उत्तर द्यायचं. हसण्यावारी न्यायचं नाही. कबूल?"

"कबूल, कबूल!"

कबूल कसलं! वर्ग सुटला की टिल्ली रस्ता ओलांडून थेट दुकानात यायची, आणि दारातूनच प्रश्न. तेव्हा दुकान भरलेलं, बाकावर जागा नाही, सगळ्यांचे कान याच्याकडे.

"बाबा, देव आपल्याला सारखा बघत असतो?"

"बघू दे की! केस कापायचे असतील तर रांगेत बस म्हणावं."

हशा. टिल्ली बघत राहायची.

"बाबा, देवाने माणूस मातीपासून केला?"

"म्हणूनच या काकांच्या डोक्यावर काही उगवत नाही. मातीच हलकी."

पुन्हा हशा. टिल्ली चिमटा हातात घ्यायची. सलूनवाल्याला वाटायचं, चाललंय की छान. पोरगी रमली, धंदाही रमला.

आणि मग पोरगी बिघडली.

बिघडली म्हणजे कशी, एकदम, सांगून सवरून बिघडावी तशी! ज्या पोरीने कधी कुणाची पेन्सिल घेतली नाही, तिने शेजारणीच्या चपला कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. शाळेत पुढच्या मुलीच्या वेणीला खळ लावली. आईचा आवडता कप उचलून जमिनीवर आपटला. हातून पडला नव्हता, आपटला होता. शाळेतून निरोप आला, शेजारीण भांडून गेली. सलूनवाल्याने आवाज चढवून बघितला, लाडीगोडी लावून बघितली. पोरगी मूग गिळून गप्प.

बायकोने मात्र एक बघितलं. कप फोडला तेव्हा ती दारातच होती. "वाईट वागताना पोरांना मजा येते रे," ती म्हणाली. "हिला येत नाही. कप उचलतानाच रडत होती."

"संगत! दुसरं काय? त्या चर्चातली कार्टी..."

"पाठवली कुणी?" बायकोने विचारलं, आणि कुकर लावायला निघून गेली.

हे मात्र झोंबलं. सोमवारी दुकान बंद असतं. सलूनवाल्याने ठरवलं, आज त्या बाईंची बिनपाण्याने करायची. तावातावाने रस्ता ओलांडून तो चर्चच्या मागच्या खोलीत शिरला. बुटक्या खुर्च्या, भिंतीवर मुलांनी रंगवलेले मासे. बाई मोरीशी उभ्या राहून रंगाचे ब्रश धूत होत्या.

"काय शिकवता हो तुम्ही पोरांना?" याने सुरुवातच वरच्या पट्टीत केली. चांगली पोरगी दिली होती तुमच्या हाती, काय करून ठेवलंत, आम्ही घरात कधी भीती घातली नाही आणि तुम्ही... सगळं बोलून घेतलं. बाईंनी मध्ये तोंड घातलं नाही. ब्रश संपेपर्यंत धुतले, हात पुसले, आणि एक बुटकी खुर्ची पुढे सरकवली.

"बसा. बरं झालं आलात. मीच येणार होते, पण दुकानात सगळ्यांसमोर कसं बोलायचं हे."

"काय बोलायचं?"

"काल तिने एका लहान मुलाला चिमटा काढला. चांगला काळानिळा. मी तिला बाजूला घेतलं. रागावणार, तेवढ्यात तीच मला विचारते, 'बाई, इतकं पुरेल का?' मी म्हटलं, कशाला पुरेल? तर म्हणाली, 'नरकात जायला.'"

सलूनवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हेच! हेच म्हणतो मी! सात वर्षांच्या पोरीला नरक शिकवता?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "लहानांच्या वर्गात मी तो शब्दसुद्धा काढत नाही. आमचे मासे, मेंढरं, नाहीतर गलबत. मीही हेच विचारलं तिला, कुणी सांगितलं गं तुला? ती म्हणाली, बाबाने. बाबा नरकात दुकान टाकणार आहे."



आठवलं त्याला. महिना झाला असेल. टिल्लीने दारात उभं राहून विचारलं होतं, "बाबा, तू का येत नाहीस चर्चमध्ये? जे येतात ते स्वर्गात जातात." आणि याने कात्री हवेत नाचवत सांगितलं होतं, "स्वर्गात जाऊन करू काय? तिथे सगळे टकले म्हातारे! धंदा बसेल माझा. मी आपला नरकातच दुकान टाकणार. ही बघ, सगळी गिऱ्हाइकं तिकडेच यायची आहेत!" बाकावरचे लोक गडबडा लोळायचे बाकी राहिले होते. एकाने तर डोळे पुसले. हा विनोद त्याला इतका आवडला, की पुढचे चार दिवस येईल त्याला ऐकवला.

"मी तिला म्हटलं, बाबा गंमत करत असेल," बाई सांगत होत्या. "तर ती मलाच रागावली. म्हणाली, 'माझा बाबा खोटं बोलत नाही.' मग म्हणाली, तिकडे बाबाला टॉवेल कोण देणार? त्याला मागे न बघता हात करायची सवय आहे. कुणी नसलं तर हात तसाच राहील."

सलूनवाला त्या बुटक्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. भांडायला आलेला माणूस, त्याला उठायचंच सुचेना. ज्या जिभेवर आयुष्यभर टाळ्या घेतल्या, तिनेच हे केलं होतं. आपली पोर महिनाभर रोज सकाळी उठून वाईट व्हायचा प्रयत्न करते, जमत नाही म्हणून रडते, आणि पुन्हा करते. आपल्यासाठी! आणि आपण तिच्यावर ओरडलो. असली लाज त्याला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

संध्याकाळी बायको घरी आली तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. आता ही आपल्याला फाडून खाणार, अशी त्याची खात्री होती, आणि तसं झालं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं. ती ओरडली नाही. खुर्चीवर बसली, पायातले बूट तसेच.

"माझा बाप चर्चची पायरी चढत नव्हता," ती म्हणाली. "आई मला घेऊन जायची, तो घरी वर्तमानपत्र वाचत बसायचा. मला वाटायचं, आम्ही दोघी वर जाणार आणि हा राहणार. मग मी दोघांच्या वाटचं चांगलं वागायला लागले. माझं एक, त्याचं एक. खेळायला नाही गेले, उलट बोलले नाही. ताप आला तरी आईची भांडी घासली. तो मेला तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, देव कधीच सुटला होता. पण सवय नाही रे सुटली. रविवारी मला घरी बसवत नाही, ड्यूटी मागून घेते ती त्यामुळेच."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस."

हे तिने रागाने म्हटलं असतं तर त्याने उत्तर शोधलं असतं. 

"बंद करू तिचं चर्च," तो म्हणाला. "या रविवारपासून. आपलं ठरलं होतं तेच बरोबर होतं."

"आता नाही. आता बंद केलंस तर तिला वाटेल, शिक्षा झाली. आणि तिच्या मनातलं तिने सांगितलं कुणाला? मला नाही, तुला नाही. त्या बाईंना सांगितलं. तेवढं एक दार उघडं आहे, ते नको लावू. जाऊ दे तिला. पण बरोबर तू जायचं. तिथे बसायचं, आणि येताना वाटेत ती विचारेल त्याला उत्तर द्यायचं. दुकानात नाही, लोकांत नाही."

"रविवारी? दुकान?"

तिने फक्त बघितलं.

रविवारी दुकानाचं शटर खालीच होतं. सलूनवाला धुतलेला शर्ट घालून चर्चच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसला, शेजारी टिल्ली. पुढे पाठमोरी माणसं. चेहरे दिसत नव्हते, पण माना सगळ्या ओळखीच्या, यानेच कापलेल्या. त्यातल्या एकाने मागे वळून बघितलं, आणि आता हा काहीतरी फर्मास बोलणार म्हणून भुवया उडवल्या. सलूनवाल्याने मान खाली घातली. गाणी झाली, प्रवचन झालं, मुलांचा वर्गही झाला. तो तिथल्या तिथे बसून राहिला. आत काय चाललंय त्यावर त्याचा विश्वास नव्हताच, पण आज थट्टा करण्याइतकी किंमत आपल्याला उरलेली नाही, एवढं त्याला कळत होतं.

बाहेर पडल्यावर त्याने टिल्लीचा हात धरला. समोरचा रस्ता न ओलांडता मुद्दाम मागच्या गल्लीने वळला.

"टिल्ले, मी तुला एक सांगणार आहे. यात गंमत नाही. मी नरकात दुकान टाकणार म्हणालो, ती थट्टा होती. लोकांनी हसावं म्हणून बोललो. तसली जागाच नाही. आणि तुझ्याशी तसं बोलायला नको होतं. माझं चुकलं."

टिल्ली चालत राहिली. "मग मेल्यावर तू कुठे जाणार?"

एरवी याचं उत्तर ओठांवर तयार असतं. त्याने ते गिळलं. "मला वाटतं, कुठेच नाही. बाईंना वेगळं वाटतं. नक्की कुणालाच माहीत नाही, राणी. पण तू वाईट वागायची काही गरज नाही. माझ्यासाठी तर नाहीच नाही."

ती थांबली. मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. काय बघतेय ते त्याला आधी कळेना. मग कळलं. तो कधी हसतोय याची ती वाट बघत होती. तो हसला नाही. ती थांबून राहिली, तो हसला नाही. शेवटी तिने समजूतदारपणे मान हलवली.

"कळलं," ती म्हणाली.

"काय कळलं?"

"मी तिकडे येऊ नये म्हणून तू असं सांगतोयस."

"नाही गं बाळा, खरंच..."

टिल्लीने हात सोडवून घेतला. गल्लीत एका दाराशी फुलांची कुंडी होती. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि सगळा जोर लावून कुंडीला लाथ मारली. कुंडी आडवी झाली, माती पायरीवर पसरली. तिचे ओठ थरथरायला लागले होते, पण तिने बाबाचा हात परत आपल्या हातात घेतला.

"घाबरू नकोस बाबा," ती म्हणाली. "मी येते."