सात डबे, पाच मुलं

"बोल बिनधास्त, हिला मराठी येत नाही नं."

स्वयंपाकघरात नळ सोडून भांडी विसळणारी एक बाई दुसरीला हे म्हणाली, तेव्हा मी युनिफॉर्ममध्ये दारातच उभी होते. पुढचं वाक्य तिने तितक्याच सहज टाकलं. दोघा पोरांना क्लोजेटमध्ये, कपड्यांच्या खोलीत बसवलंय, मोबाइल दिलाय हातात, लपाछपी सांगितलीय.

पोलिसातली सहा वर्षांची नोकरी सोडून मला आता वर्ष झालं. बऱ्याच केसेस अंधुक झाल्या. ते स्वयंपाकघर मात्र अंधुक झालेलं नाही.

आमचं गाव अमेरिकेतलं, पार्सिपनीच्या शेजारचं. सकाळी स्टेशनवर निनावी फोन आला, की अमुक अपार्टमेंटमध्ये रोज बरीच लहान मुलं आणून सोडतात. घरी पाच मुलांपर्यंत सांभाळली तर चालतं, सहावं आलं की परवाना लागतो. तपासणीला राज्याच्या बालसंगोपन विभागाचा इन्स्पेक्टर निघाला. "देशी घर आहे, तू जा," म्हणून सार्जंटने मला सोबत पाठवलं.

माझं आडनाव वडिलांचं, तमिळ; युनिफॉर्मवर तेच लिहिलेलं. मराठी आईकडून आली. शाळा इंग्लिश मीडियमची आणि स्वभाव अबोल, त्यामुळे मला मराठी येत असेल असं कुणाला वाटत नाही. मीही सांगत नसे. लोक समोर मोकळं बोलायचे, तपासाला ते बरं पडायचं.

स्वयंपाकघरातली दुसरी बाई त्या घरची, त्यांना मी इथे ताई म्हणते. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, त्या डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरीची परवानगी नाही. तीन मैत्रिणी कामावर जाताना आपली मुलं त्यांच्याकडे सोडत. पैसे कुणी देत नव्हतं. ताईंकडे गाडी नव्हती, म्हणून मैत्रिणी त्यांना किराण्याला, डॉक्टरकडे नेत. त्यातली नागपूरची एक त्या दिवशी मदतीला थांबली होती. भांडी विसळणारी तीच.

इन्स्पेक्टर सौम्य आवाजात एकेक प्रश्न विचारत होता. ताई "फ्रेंड्स सर, ओन्ली फ्रेंड्स" एवढंच म्हणत होत्या. हॉलमध्ये पाच मुलं रंगवत बसली होती. त्याने पाच मोजली.

ओट्यावर स्टीलचे डबे होते, बारशाला देतात तसे, झाकणावर देवनागरीत नाव कोरलेले. इन्स्पेक्टरला ती नक्षी वाटली असावी. मी वाचली. सात नावं होती.

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. पण आम्ही या देशात नवीन असताना माझी आईही याच व्हिसावर होती, आणि बिल्डिंगमधली मुलं दुपारभर आमच्याकडे असायची. बेल वाजली की ती आधी गॅस बंद करायची आणि मग आम्हाला गप्प करायची. मला वाटलं, हा फॉर्म भरेल आणि जाईल. मी गप्प राहिले.

मग आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी मराठीत विचारलं, "ताई, क्लोजेट कुठलं?" त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला नीट सांगता येणार नाही.

तीन वर्षांचा मुलगा कोटांच्या खाली बसला होता. त्याला दमा होता. ओठ निळे पडले होते. शेजारची मुलगी त्याचं तोंड हाताने दाबून बसली होती, कारण तिला आवाज करायचा नाही असं सांगितलं होतं. तिने तो दाबलेला हात काढला नाही, मला तो सोडवावा लागला.

मुलगा तीन दिवस आयसीयूत होता. वाचला.

हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये इन्स्पेक्टर म्हणाला, की पहिल्या वेळी तो नोटीस देतो आणि अर्जाला मुदत देतो, बस. व्हिसाबद्दल तो विचारतच नाही. ते त्या बायकांना कुणी सांगितलं नव्हतं. एकमेकींना त्यांनी उलटंच सांगितलं होतं, की पकडलं तर व्हिसा जातो.

दोन महिन्यांनी, मुलाच्या जिवाला धोका पोचवल्याच्या आरोपावरून ताईंची सुनावणी झाली. माझ्या छातीवरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. त्याच्या लेखी उताऱ्यात स्वयंपाकघरातल्या त्या ओळीपुढे लिहिलं होतं: परभाषा, अस्पष्ट. कुणी अर्थ विचारला नाही. माझ्या रिपोर्टमध्ये होतं की आवाज आल्यावर शोध घेतला. ताईंनी जबाबात सांगितलं की मुलं दोन-चार मिनिटंच आत होती. रेकॉर्डिंगवर त्या ओळीपासून आवाजापर्यंत चौदा मिनिटं होती. मला मराठी येतं हे ताईंना आता माहीत होतं, तरी त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. 

भीतीपोटी लोक काय लपवतात, हे मी नोकरीत शिकले होते. ताईंची भीती मी दारातच ओळखली होती. माझी स्वतःची ओळखायला चौदा मिनिटं आणि वर दोन महिने लागले.

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याने मला विचारलं, मुलं आत आहेत हे तुम्हाला कधी कळलं.

मी आधी ताईंकडे बघून मराठीत सांगितलं, मग सगळ्यांसाठी इंग्रजीत.

"आवाज यायच्या आधी. ती ओळ अस्पष्ट नाहीये. मला ती ऐकताक्षणीच कळली होती."