चौथ्या गाण्यानंतर

माझा नवरा एक फ्रेंच अल्बम ऐकायला लागला, तेव्हाच मला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. बारा वर्षांच्या संसारात या माणसाने नाट्यगीतं आणि क्रिकेटची कॉमेंट्री यापलीकडे काही ऐकलं नव्हतं. "ऑफिसातल्या एका फ्रेंच मुलीने सुचवलाय. नवीन गायिका आहे, स्वतःच लिहिते," तो म्हणाला. मी विचारलं, "तुला कळतं काय त्यातलं?" तर म्हणे, "कळत नाही, पण बरं वाटतं." बरं वाटतं! त्या ऑफिसातल्या मुलीला माझ्या मनात लगेच चेहरा आला, केस आले, अत्तरसुद्धा आलं.

जर्मनीत, कार्ल्सरूहेत येऊन आठ वर्षं झाली, तरी गाण्यांच्या ॲपवर आमचं दोघांत एकच अकाउंट. दोन कशाला हवीत, हा आमचा पुणेरी बाणा. त्यामुळे त्याच्या फोनवर कोणतं गाणं चालू आहे, ते माझ्या फोनवर दिसतं. हे तो विसरला होता, मी नाही.

मी फोनकडूनच शब्दांचं भाषांतर करून घेतलं. अकरा गाणी, आणि सगळी मिळून एकच गोष्ट: एक बाई घर सोडायचं ठरवते. पहिल्या गाण्यात ती चपला शोधते, आठव्यात अजून जिन्यातच उभी. मला तिचा भयंकर राग आला. एकदाची जा तरी, नाहीतर मुकाट्याने घरात ये.

सकाळी तो ट्राममध्ये बसला की पहिलं गाणं सुरू व्हायचं. ऑफिस चार गाण्यांच्या अंतरावर, चौथं संपलं की बंद. एका सोमवारी मात्र पाचवं सुरू झालं. मग सहावं, सातवं. मंगळवारीही तेच. संध्याकाळी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "वेळेवर पोचलास ना आज?" "हो गं, गेनाऊ, बरोब्बर नऊ वाजता," तो म्हणाला आणि डबा सिंकमध्ये ठेवला. डबा चाटूनपुसून रिकामा. माझ्या हातची कोबीची भाजी तिलाही खाऊ घातली असणार, याची मला खात्रीच पटली.

बुधवारी माझं होमऑफिस होतं. उशिरा लॉगिन करते असं कळवलं आणि त्याच्याच ट्रामच्या मागच्या डब्यात चढले. चौथं गाणं संपलं, त्याचं ऑफिस मागे गेलं, तो उतरला नाही. तिला काय काय सुनवायचं ते मी मराठीत जुळवत होते. जर्मनमध्ये मला अजून नीट भांडता येत नाही.

शेवटच्या स्टॉपवर तो उतरला, बाकावर बसला आणि सकाळी सव्वानऊला डबा उघडून खायला लागला. खाली मान घालून, एकटाच. दहा मिनिटं झाली तरी कोणी आलं नाही. मग मीच पुढे गेले.

"अगं, तू?" हातातली पोळी तशीच राहिली. "क्यूंडिगुंग दिलं त्यांनी. अख्खी टीमच काढली, सोमवारपासून येऊच नका म्हणाले. तुला कसं सांगू तेच कळेना." मग व्हिसा, मुलीची शाळा, पुण्यात आई-बाबांना काय सांगायचं, असं काहीबाही बोलता बोलता तो रडायला लागला. त्याला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "होईल रे काहीतरी." तो डोळे पुसत म्हणाला, "किती शांत आहेस तू."

शांत कसली! दुसरी बाई नव्हती, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. नवऱ्याची नोकरी गेली होती आणि मला आनंद झाला होता. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.