"चालू कर" उशिरा ऐकू आलं

आजच घडलं, लगेच लिहिते.

आम्ही अर्जुनी मोरगावकडचे. मोटर मागच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, स्टार्टर घराच्या भिंतीवर. ओरडलेलं नीट ऐकू येत नाही, म्हणून दादानं दोन जुने फोन वायफायवर जोडले. तो तिकडे बोलला की इकडे लगेच ऐकू येतं.

आज मोटरचा पट्टा निसटला. दादा बसवायला गेला. बराच वेळ फोन गप्प होता. मग अगदी कानाशी आवाज आला, "चालू कर वं."

बोट बटणावर गेलं. पण बाबांनी सवय लावली आहे, दाबायच्या आधी उलट विचारायचं. विचारलं, "करू ना?"

थोड्या वेळानं दादा ओरडला, "नोको करू! हात पट्ट्यात हाय माहा. चालू कर तं मी कवाचा बोल्लो. मोटर लागली नाही म्हणून पुन्हा हात घातला."

नेट अडकलं होतं. आवाज उशिरा आला, पण इतका स्वच्छ की जुना वाटलाच नाही.

तुम्ही फोनवरच्या आवाजावर एवढा भरवसा ठेवता का?

दादा समोर जेवून राहिला आहे. मी त्याच्या हाताकडेच पाहून राहिली आहे.