तयार पान

मे महिन्यातला दुसरा रविवार, सकाळी दहा. हजर: वानखेडे मॅडम, त्यांची नात रुची आणि मी. स्थळ: मॅडमचं घर, तेलीबाग. काम: ब्लॉग किती गर्दी झेलतो ते पाहणे.

मॅडम मूळच्या अमरावतीच्या. लखनौच्या एका संशोधन संस्थेत पाणी तपासण्यातच त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्तीनंतरही त्या वस्तीतल्या नळांचे नमुने तपासून निकाल ब्लॉगवर टाकत. नमुन्याच्या बाटलीवरच काय, फ्रिजमधल्या वरणाच्या डब्यावरही तारीख-वेळ लिहीत. उन्हाळ्यात निकाल पाहायला झुंबड उडाली की ब्लॉग कोलमडे. तो सांभाळायचं काम माझ्याकडे होतं.

रुचीने एका प्रोग्रॅममधून पाचशे नकली वाचक एकदम सोडले. ब्लॉग बंद. मग मी पेज कॅशिंग सुरू केलं: प्रत्येकासाठी पान नव्याने जुळवायचं नाही, साठवलेली तयार प्रतच सगळ्यांना द्यायची. पुन्हा पाचशे सोडले. पान झटपट उघडत राहिलं.

"दादी, अब चाहे पूरा लखनऊ आ जाए," रुची म्हणाली.

मॅडम हसल्या नाहीत. "म्हणजे सकाळची पोळी दिवसभर वाढायची. वाढा बाप्पा. पण ती शिळी कधी होते?"

चाचणीपुरती प्रतीची मुदत चोवीस तास ठेवली होती. निकाल बदलला तरी तोवर जुनाच दिसणार. पाच मिनिटांवर आणते म्हणाले, यादीत लिहिलंही. मग अमौसी विमानतळावर पाहुण्यांना आणायला धावले.

बुधवारी सकाळी मॅडमनी टाकलं: पाणी पिऊ नका. दिवसभर गर्दी लोटली. ब्लॉग एकदाही पडला नाही. प्रत्येकाला आदल्या दिवशीचं पान मिळालं: पाणी ठीक आहे. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या रामसेवक भैयांच्या बायकोने ते मोबाइलवर पाहिलं आणि मटका भरला.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. "काहून वं, माझं लिहिलेलं कोणालाच दिसत नाही?"

कारण मला लगेच कळलं: मुदत चोवीस तासांवरच राहिली होती. साठवलेली प्रत पुसली. आता पाहा, म्हटलं.

"दिसतंय. मीच 'पब्लिश'चं बटण दाबायचं विसरले असेन. वय झालं."

मी बरं म्हणून फोन ठेवला आणि यादी उघडली.

रामसेवक भैयांची बायको दवाखान्यातून परत आली नाही. मॅडमनी तपासणी थांबवली, बाटल्या रद्दीवाल्याला दिल्या आणि अमरावतीला मुलीकडे गेल्या. निघताना एवढंच म्हणाल्या, "माझ्यासारख्या विसराळू बाईच्या हाती लोकांचं पाणी नको."

प्रतीची मुदत पाच मिनिटांवर आणणे: झाले. मॅडमना फोन करून खरं सांगणे: बाकी.